घर, वीज आणि सरकारी उत्तेजन

जी गोष्ट केली असतां आपलाच पैसा वांचतो, ती करण्यासाठीं सरकारनें आपणांस उत्तेजन कां द्यावें? प्रश्न साधा आहे, पण त्याचें उत्तर तितकें साधें नाहीं. शेतकरी विहीर खणीत असे ती स्वतःच्याच शेतासाठीं. तरी पूर्वीं सरकार त्यास तगाई देई, कारण विहिरीचें पाणी पुढें मिळणार आणि खणण्याची मजुरी आज द्यावी लागणार. घरांत लागणाऱ्या विजेची गोष्ट बरीचशी अशीच आहे. जो दिवा थोडी वीज खातो, जी भिंत उन्हाळ्याचा ताप आंत येऊं देत नाहीं, जें छप्पर भर दुपारीं भट्टीसारखें तापत नाहीं, त्यांचा लाभ पुढें वर्षानुवर्षें मिळतो. परंतु त्यांची किंमत मात्र पहिल्याच दिवशीं मोजावी लागते. म्हणून गेल्या ५० वर्षांत जगांतील अनेक सरकारांनीं या कामीं लोकांस अनुदान, कर्ज, करांतील सूट अशा निरनिराळ्या रूपांनीं साहाय्य केलें. त्यांपैकीं कांहीं योजना उत्तम साधल्या, कांहीं फसल्या, आणि एका योजनेंत तर चार तरुणांचे प्राण गेले. हेतु एकच असतां फळें इतकीं निरनिराळीं कां आलीं, हें आपण पाहूं.

आधीं एक शब्द नीट समजून घेतला पाहिजे. ऊर्जेची कार्यक्षमता म्हणजे अंधारांत बसणें किंवा पंखा बंद करून घाम पुशीत राहणें नव्हे. तोच उजेड, तोच वारा, तोच थंडावा थोड्या ऊर्जेंत मिळविणें, एवढाच त्याचा अर्थ आहे. हा विचार सरकारांच्या मनांत जोरानें शिरला तो १९७३ सालीं. त्या वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत अरब तेलउत्पादक राष्ट्रांनीं अमेरिकेस तेल विकणें बंद केलें, आणि थोड्याच महिन्यांत जगाच्या बाजारांत तेलाची किंमत सुमारें चौपट झाली. थंड देशांत घर उबदार ठेवणें ही चैन नसून जगण्याची गरज आहे. तेव्हां इंधन महागतांच पहिला मार गरिबांवर बसला. १९७६ सालीं अमेरिकेनें कायदा करून गरीब कुटुंबांचीं घरें सरकारी खर्चानें सुधारून देण्याची योजना काढली. दारांखिडक्यांच्या फटी बुजवावयाच्या, छपराखालीं उष्णतारोधक थर पसरावयाचा, असें तिचें साधें स्वरूप होतें, आणि ती पुढें अनेक दशकें चालत आली.

आतां आपल्या घरचा हिशेब करूं. विद्यार्थ्यांनीं पेन्सिल हातीं घ्यावी. जुन्या पद्धतीचा, तापलेल्या तारेचा ६० वॅटचा दिवा रोज ५ तास लावला तर ३०० वॅट-तास वीज खर्च होते. १,००० वॅट-तासांचें एक युनिट. म्हणजे वर्षाला हा एक दिवा सुमारें ११० युनिटें खातो. तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा वर्षाला १६ युनिटांवर भागवितो. वांचलेलीं युनिटें झालीं ९४ च्या आसपास; युनिटास ५ रुपये धरले तर साडेचारशें रुपयांहून अधिक. येथें आणखी एक बारकावा आहे, आणि तो पुष्कळ पालकांच्याहि ध्यानांत येत नाहीं. महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानें चढतो. पहिलीं १०० युनिटें स्वस्त, त्यापुढील ३०० पर्यंतचीं महाग, त्यापुढील अधिकच महाग. म्हणून जें युनिट वांचतें, तें नेहमीं आपल्या वापरांतील सर्वांत महाग युनिट असतें. बिलाच्या सरासरीनें हिशेब केला तर बचत पुष्कळदां कमी दिसेल.

एवढें असूनहि २०१४ सालीं आपल्याकडे एलईडी दिवा गरिबाच्या घरांत क्वचित्‌च दिसे. त्याचें कारण अज्ञान हें एकच नव्हे. त्या वर्षाच्या आरंभीं सरकारी घाऊक खरेदींतहि या दिव्याची किंमत ३१० रुपये होती. वर्षाच्या आंत ही रक्कम फिटते आणि पुढें केवळ नफा राहतो, हें गणित खरें. पण ज्याच्या हातीं आठवड्याची मजुरी येते, त्यास एका दिव्यासाठीं ३१० रुपये एकदम काढतां येत नाहींत. तो थोडक्या रुपयांचा जुना दिवा आणतो आणि उरलेली किंमत वर्षभर बिलांतून भरतो. दुसरी अडचण अविश्वासाची: एवढा महाग दिवा चार महिन्यांत गेला तर दाद कोणाकडे मागावी? तिसरी अडचण सर्वांत चिवट आहे. ती अशी, कीं खर्च करणारा एक आणि लाभ घेणारा दुसरा असा प्रकार पुष्कळ घरांत असतो. घरमालक छप्पर बदलील तर बिल कमी होईल भाडेकऱ्याचें. मग मालकानें पैसे कां घालावे? आणि भाडेकरी दुसऱ्याच्या छपरावर खर्च कां करील? मुंबईंतील जुन्या पागडीच्या चाळी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस हें अधिक सांगावयास नको. तेथें भाडें इतकें अल्प असतें, कीं मालक गळती थांबविण्यासहि राजी नसतो. उन्हाच्या तापाची चिंता तो कोठून करणार!

सरकारी उत्तेजनाची परीक्षा येथेंच होते. किती कोटी रुपये मंजूर झाले हा प्रश्न दुय्यम होय. या तिन्ही अडचणींपैकीं नेमकी कोणती दूर केली, हें पाहावें.

भारतांत या कामाचा पाया २००१ सालच्या ऊर्जा संवर्धन कायद्यानें घातला गेला, आणि त्या कायद्याप्रमाणें १ मार्च २००२ रोजीं ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. दुकानांतील शीतकपाटावर किंवा वातानुकूल यंत्रावर जी ताऱ्यांची चिठ्ठी दिसते, ती याच ब्यूरोची. पण दिव्यांच्या बाबतींत खरें काम झालें तें ५ जानेवारी २०१५ रोजीं सुरू झालेल्या, पुढें ‘उजाला’ या नांवानें प्रसिद्ध झालेल्या योजनेनें. तिची रचना मुद्दाम सविस्तर सांगतों, कारण तींत दिव्याच्या किंमतीवर सरकारनें अनुदान असें दिलेंच नाहीं.

एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड ही २००९ सालीं चार सरकारी वीज-संस्थांनीं मिळून काढलेली कंपनी. तिनें दिवे लाखांनीं, पुढें कोटींनीं मागवावयास आरंभ केला. मागणी एवढी मोठी व निश्चित असल्यावर कारखानदार कमी नफ्यावर माल देण्यास तयार होतात. निविदांवर निविदा निघत गेल्या आणि ३१० रुपयांचा दिवा २०१६ सालीं ३८ रुपयांस घाऊक मिळूं लागला. जगभर या दिव्यांची किंमत तशीहि उतरतच होती, तेव्हां सगळेंच श्रेय योजनेस देणें न्याय्य होणार नाहीं. परंतु ती उतरण्याचा वेग आपल्याकडे योजनेनें वाढविला, हें निर्विवाद आहे. ग्राहकानें वीज कंपनीच्या केंद्रावर बिल दाखवावें, रोख किंमत द्यावी, नाहींतर आरंभीं थोडी रक्कम देऊन बाकीचे पैसे दरमहा १० रुपयांप्रमाणें विजेच्या बिलांतूनच फेडावे, अशी सोय ठेविली होती. महिन्याचा हप्ता १० रुपये, आणि बिलांत बचत त्याहून अधिक. म्हणजे पहिल्या महिन्यापासूनच मनुष्य लाभांत. दिवा तीन वर्षांच्या आंत बिघडला तर बदलून मिळे. एकदम पैसे काढण्याची अडचण आणि अविश्वासाची अडचण, दोन्ही अशा रीतीनें दूर झाल्या. भाडेकऱ्याचा प्रश्न येथें उद्भवतच नव्हता, कारण दिवा खोबणींतून काढून नव्या घरीं नेतां येतो. या योजनेंत देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे वांटले गेले.

वीज कंपन्यांनीं आपलीच विक्री घटविणाऱ्या योजनेस साहाय्य कां केलें, असें एकादा चौकस मुलगा विचारील. संध्याकाळीं सात ते दहा या वेळांत सर्व घरांतील दिवे एकदम लागतात, आणि त्या तीन तासांची गरज भागविण्यासाठीं कंपनीस सर्वांत महाग वीज विकत घ्यावी लागते. गरीब ग्राहकास तर ती खरेदीच्या किंमतीहूनहि कमी दरानें द्यावी लागते. अशी वीज जितकी कमी खपेल तितकें कंपनीचें नुकसान कमी.

बिलांतून हप्ता फेडण्याची ही युक्ति इंग्लंडनेंहि याच सुमारास योजून पाहिली, आणि ती तेथें सपशेल फसली. जानेवारी २०१३ मध्यें तेथें ‘ग्रीन डील’ नांवाची योजना सुरू झाली. घरमालकानें भिंतींस उष्णतारोधक थर द्यावा, नवी भट्टी बसवावी; पैसे कर्जानें मिळतील; तें कर्ज माणसाच्या नांवें नसून घराच्या वीज-मापकाशीं जोडलेलें राहील, आणि जो कोणी त्या घरांत राहील तो बिलांतून फेडील. हप्ता अपेक्षित बचतीहून मोठा असूं नये, असा नियमहि होता. कागदावर ही योजना ‘उजाला’हून अधिक बुद्धिमान दिसते, भाडेकऱ्याची अडचणसुद्धां तिनें विचारांत घेतली होती. परंतु कर्जावरील व्याज सामान्यतः शेंकडा ७ किंवा त्याहून अधिक पडे. ज्याची पत चांगली, त्यास बँकेंतून याहून स्वस्त कर्ज मिळे. त्यांतून दिवा बदलणें हें दोन मिनिटांचें काम, तर भिंत बदलणें म्हणजे तपासणी, अंदाजपत्रक, ठेकेदार, धूळ आणि आठवडे. एवढा त्रास सोसून मिळणारी बचत हप्त्यांतच जाणार, हें लोकांनीं ओळखलें. जुलै २०१५ मध्यें सरकारनें पैसा थांबविला, तोंपर्यंत सुमारें १४,००० घरांनींच कर्ज घेतलें होतें. करदात्यांचे मात्र २४ कोटी पौंड खर्ची पडले. कर्जामागें हिशेब केला तर प्रत्येकीं सुमारें १७,००० पौंड!

ऑस्ट्रेलियाची चूक निराळ्या जातीची होती. २००८ सालच्या आर्थिक संकटानंतर लोकांस काम मिळावें व घरेंहि सुधारावीं, या दुहेरी हेतूनें तेथील सरकारनें फेब्रुवारी २००९ मध्यें छपराखालीं उष्णतारोधक थर बसविण्यासाठीं घरमागें १,६०० डॉलरपर्यंत साहाय्य जाहीर केलें. बहुतेक घरधन्यांस हें काम फुकटच पडूं लागलें. फुकट मिळणाऱ्या वस्तूची चौकशी कोणी करीत नाहीं. या धंद्यांत कालपर्यंत नसलेल्या कंपन्या रातोरात उभ्या राहिल्या, आणि पोरसवदा मुलांस पुरतें न शिकवितां तापलेल्या, काळोख्या माळ्यांवर चढविण्यांत आलें. कांहीं ठिकाणीं थर म्हणून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा धातूच्या टांचण्यांनीं तुळयांस ठोकला जाई. टांचणी विजेच्या तारेंत घुसली कीं सारा पत्रा विजेनें भारला जाई. धातु हा उत्तम विद्युत्‌वाहक आहे, हें विज्ञानाच्या पुस्तकांतील पहिल्या पाठांपैकीं एक वाक्य. तें न शिकविल्याची किंमत अशी द्यावी लागली. चार तरुण कामगार मेले, तिघे विजेच्या धक्क्यानें आणि एक उष्णतेनें. अनेक घरांस आगी लागल्या. फेब्रुवारी २०१० मध्यें योजना बंद झाली. तोंवर ११ लाखांहून अधिक घरांत थर बसला होता, आणि त्यांपैकीं पुष्कळ घरें पुन्हां तपासण्यासाठीं सरकारला नवा खर्च करावा लागला. पुढें नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल २०१४ सालीं आला. धोक्याच्या सूचना आधीं मिळाल्या असूनहि घाईपुढें त्यांकडे लक्ष दिलें गेलें नाहीं, असा त्याचा मतितार्थ होता.

या दोहोंच्या तुलनेनें जर्मनीची रीत मला अधिक विचारी वाटते. महायुद्धानें उद्‌ध्वस्त झालेला देश पुन्हां उभारण्यासाठीं १९४८ सालीं तेथें एक सरकारी पतपेढी स्थापन झाली. तिचें जर्मन नांव ‘पुनर्रचनेसाठीं कर्ज देणारी संस्था’ अशा अर्थाचें असून ‘के. एफ. डब्ल्यू.’ या आद्याक्षरांनीं ती ओळखली जाते. हीच संस्था आज घरें सुधारण्यास सवलतीचें कर्ज देते. प्रत्येक घराची तुलना एका ठराविक नमुना घराशीं केली जाते. त्या नमुन्याच्या शेंकडा ४० इतकीच ऊर्जा ज्यास पुरते तें ‘४०’ दर्जाचें घर, शेंकडा ५५ ज्यास लागते तें ‘५५’ दर्जाचें. घर जितक्या वरच्या दर्जाचें होईल, तितका कर्जाचा मोठा भाग माफ होतो; आणि हा दर्जा घरमालकानें किंवा ठेकेदारानें सांगून चालत नाहीं, स्वतंत्र तज्ज्ञानें तपासून लिहून द्यावा लागतो. पैसा खर्च केल्याबद्दल उत्तेजन मिळत नसून घर सुधारल्याबद्दल मिळतें. तरीहि ही पद्धति निर्दोष आहे असें नव्हे. नव्या ‘५५’ दर्जाच्या घरांस मिळणारें साहाय्य जानेवारी २०२२ च्या अखेरीस संपणार असें कळतांच अर्जांचा असा लोंढा आला, कीं पैसा संपून २४ जानेवारी २०२२ रोजीं अर्ज घेणेंच एकाएकीं थांबवावें लागलें. आज मिळणारी सवलत उद्यां राहील कीं नाहीं, हा संशय एकदां लोकांच्या मनांत शिरला, म्हणजे घर बांधणारेहि धीर सोडतात आणि कारागीरहि.

आतां आपल्याकडील भिंतींकडे वळूं. दिव्यांच्या कामीं आपण जगास दाखविण्यासारखें यश मिळविलें. इमारतींच्या बाबतींत मात्र आपण अजून उंबरठ्यावर आहों. मोठ्या व्यापारी इमारतींसाठीं २००७ सालीं ऊर्जासंवर्धन इमारत संहिता झाली व २०१७ सालीं ती सुधारली गेली. राहत्या घरांसाठीं डिसेंबर २०१८ मध्यें ‘इको निवास संहिता’ आली. भिंती व खिडक्या यांतून घरांत येणारी उष्णता चौरस मीटरमागें १५ वॅटच्या वर जाऊं नये, असें ती सांगते. याचा अर्थ असा, कीं खिडकी कोणत्या दिशेस आहे, तिच्यावर छज्जा किती बाहेर आला आहे, भिंत कशाची आहे, यांचा हिशेब नकाशा काढतांनाच करावयाचा. आपल्या आजोबांनीं जाड मातीच्या भिंती, पुढें ओसरी आणि माळ्यावर कौलें अशीं घरें बांधलीं, तीं बहुधा असला कागद न वाचतांच या कसोटीस उतरलीं असतीं. उलट, पश्चिमेस कांचेची भिंत असलेल्या नव्या इमारतीस तो हिशेब जड जातो.

उत्तेजन म्हणून महाराष्ट्र सरकारनें २०२० सालच्या एकत्रित विकास नियमावलींत हरित इमारतीस तिच्या दर्जाप्रमाणें शेंकडा ३, ५ किंवा ७ इतकें वाढीव बांधकाम करण्याची परवानगी ठेविली. शहरांतील जमिनीचे भाव पाहतां हें आमिष लहान नव्हे. पण यांत एक मेख आहे. वाढीव मजल्याचा नफा इमारत बांधून विकणाऱ्यास मिळतो आणि तो निघून जातो. विजेचें बिल पुढें ३०-४० वर्षें भरतो तो तेथें राहणारा. म्हणजे वर सांगितलेली तिसरी अडचण उलट्या बाजूनें पुन्हां दारांत येऊन उभी राहते. इमारत वसल्यावर काय घडतें, यावर विकणाऱ्याचा लाभ जितका अवलंबून ठेवतां येईल, तितका ठेविला पाहिजे. पुणें महानगरपालिकेनें सौर उष्णजल यंत्र, गांडूळखत किंवा पावसाच्या पाण्याची सांठवण करणाऱ्या मिळकतींस घरपट्टींत शेंकडा ५ ते १० सूट देऊं केली. ही सूट लहान खरी, पण ती राहणाऱ्याच्याच हातीं पडते, आणि यंत्र चालू असल्यासच मिळावयाची, म्हणून तें दुरुस्त ठेवण्याची बुद्धि त्यास होते.

ज्यांस घरपट्टीची सूट नाहीं, नकाशाहि नाहीं आणि डोक्यावर केवळ पत्रा आहे, अशा घरांचा विचार अहमदाबाद शहरानें केला, ही मला या सर्व विषयांतील मोलाची गोष्ट वाटते. तेथील महानगरपालिकेनें २०१३ सालीं उष्णतेच्या लाटेविरुद्ध कृतियोजना आंखली, आणि २०१७ सालीं गरीब वस्त्यांतील छपरें पांढऱ्या लेपानें रंगविण्याचें काम तिला जोडलें. तेलंगण राज्यानें तर एप्रिल २०२३ मध्यें थंड छपरांविषयींचें स्वतंत्र धोरणच जाहीर केलें. पांढरा पृष्ठभाग सूर्याचा प्रकाश परत फेंकतो आणि काळा किंवा गंजलेला पृष्ठभाग तो शोषून घेतो, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. छपराखालील खोली यामुळें कांहीं अंशांनीं थंड राहते. जेथें एक पंखा आणि एक दिवा एवढींच विजेचीं साधनें, तेथें बिलांतील बचत फारशी होणार नाहीं. पण तान्हें मूल आणि आजारी म्हातारी दुपारीं घरांत राहूं शकतात, हा लाभ कोणत्याहि युनिटांत मोजतां येत नाहीं. खर्च थोडा, काम एका दिवसाचें, आणि लाभ राहणाऱ्यासच, मग तो मालक असो वा भाडेकरी.

यांत उणीव एकच. चुन्याचा साधा हात पावसांत धुऊन जातो, आणि चांगल्या लेपावरहि धुळीचा थर बसला कीं त्याचा गुण उतरतो. तेव्हां छपरें एकदां रंगवून त्यांचीं छायाचित्रें अहवालांत छापल्यानें हें काम पुरें होत नाहीं. दर वर्षीं मार्च महिन्यांत, ऊन कडक होण्याच्या आधीं, तें छप्पर धुऊन पुन्हां चुना देण्याइतका पैसा त्या वस्तीच्या हातीं कोण देणार, हें ज्या योजनेंत पहिल्या पानावर लिहिलेलें असेल, ती योजना पांचव्या उन्हाळ्यांतहि चालू असलेली दिसेल.